पत्रिकेवरचा देव

"देव आधी काढायचा. मंग पत्रिका गठ्ठ्यात टाकायची."

ठकूबाई जाऊन महिना उलटला होता. तरी लग्नपत्रिकांचं पोतं उघडलं की लंकाबाईला तिचा आवाज शेजारून आल्यासारखा ऐकू यायचा.

कळंबला हायवेलगत नानासाहेबांचं रद्दीचं शेड. मंचरपासून नारायणगावपर्यंतच्या हॉटेलांचा, मेडिकलांचा, छापखान्यांचा टाकाऊ माल तिथं यायचा आणि या दोघी तो निवडायच्या. पुठ्ठा एकीकडं, पांढरा कागद एकीकडं, बाटल्या भिंतीशी. पत्रिकेवरचा सोनेरी गणपती कागदाच्या मिलला चालत नसे. त्याचा वर्ख लगद्यात उतरला की माल परत यायचा. ठकूबाईला मिलचं काही नव्हतं. देव लगद्यात जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. फाडलेले देव ती पिशवीत भरून घोड नदीला सोडून यायची.

आता निवडायला लंकाबाई एकटीच होती.

"मावशी, उरका की," ट्रकचा ड्रायव्हर भिका दोरी ओढत म्हणाला. "आन् तुमच्यात तर गणपती न्हाई. मंग एवढं जपून कशाला फाडता?"

"माझा न्हाई. तिचा हाय."

तिचे हात थांबले नाहीत. मांडीवरचा शेवटचा गठ्ठा मंचरच्या छापखान्यातून आला होता. तिथला अमृत तो घेऊन आला, तेव्हा गाडीवरून उतरवताना खालच्या आवाजात म्हणाला होता, "मावशी, ह्या प्राचीच्या हायेत. आधीच्या."

प्राची ठकूबाईची लेक. आई चांगली हिंडत-फिरत होती तेव्हा या पत्रिका छापल्या होत्या. खाली 'सौ. ठकूबाई' असं नाव होतं. ती गेली आणि बापानं नावाच्या आधी 'कै.' घालून पत्रिका पुन्हा छापून घेतल्या. आधीचा सगळा गठ्ठा रद्दीत आला.

लंकाबाईनं पहिली पत्रिका अक्षर अक्षर लावून वाचली. पुढच्या वाचल्या नाहीत. देवाखाली अंगठा धरायचा, फाडायचं. देव पिशवीत, ठकूबाई गठ्ठ्यात. पुन्हा अंगठा. देव पिशवीत, ठकूबाई गठ्ठ्यात.

अमृत वजनासाठी थांबला होता. "आज संध्याकाळी हळद हाय निमगावला. जाणार ना मावशी?"

"ट्रक भरायचाय."

"आवो, पण तुमी तर शब्द दिला व्हता म्हणं."

दिला होता. दवाखान्यात ठकूबाईनं तिचं मनगट धरलं होतं. पोरीला हळदीला एकटी पाडू नको, म्हणाली होती. नाय पाडत, असं ही म्हणाली. त्यानंतर ठकूबाई काही बोलली नाही. लंकाबाई तेव्हाही रडली नाही, मातीच्या दिवशीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तिनं बाटल्या निवडल्या होत्या.

"त्यांची भावकी मोठी हाय," ती म्हणाली. "एकटी कशी पडंल ती? तिथं माझं काय काम?"

गठ्ठा संपत आला. अमृत बघत उभा होता. एकदम त्याला काही आठवलं. "आयला, इसरलोच!" त्यानं शर्टाच्या खिशातून दुमडलेली पत्रिका काढून तिच्यापुढं धरली. "आठ दिवस खिशात फिरतीया."

लंकाबाईनं ती घेतली. अंगठा देवाखाली गेला. कागद फाटला. देव पिशवीत, पत्रिका गठ्ठ्यावर. तिनं पुढच्या पत्रिकेसाठी हात पुढं केला.

पुढची पत्रिका नव्हती.

भिकाच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"मावशी," अमृत म्हणाला, "ती तुमची व्हती. प्राचीनं दिलेली."

काट्याजवळून नानासाहेब उठून आले. "झालं! उद्या लग्न आन् आज देव फाडला. आता हे त्या पोरीच्या कानावर घालू नगा कुणी. आन् लंकाबाई, तू तर जाऊच नको तिकडं."

लंकाबाईनं पत्रिका उचलली. तोच कागद, तीच किनार. खाली 'कै.' होतं. ती त्या अक्षराकडं बघत राहिली. मग तिनं पत्रिका उलटी केली. मागं पेनानं लिहिलं होतं. तिनं ओठ हलवत वाचलं.

'मावशी, तू ये. इथं सगळी जणं रडतात.'

तिनं पुन्हा एकदा वाचलं. मग पिशवीत हात घातला.

"आता कसा हुडकणार?" भिका म्हणाला. "समदे सारखेच."

"वरचाच हाय."

"राहू द्या की तितंच. एवीतेवी नदीलाच जायाचे."

"बाकीचे जातील." तिनं तो तुकडा पदराला पुसला. "लग्न अजून लागायचंय. ह्यो रद्दीतला न्हाई."

पत्रिकेत तुकडा घालून तिनं घडी केली आणि कमरेच्या पिशवीत सारली. भरलेल्या पिशवीचं तोंड बांधून ती खुंटीला अडकवली.

"नानासाहेब, ह्या पिशवीला हात लावू नगा. नदीला मी परवा नेते."

"आन् ट्रक?"

"निवडून झालंय समदं. भिकाला उचलू द्या."

तिनं नळावर तोंड धुतलं, पदरानं पुसलं. कुणाकडं न बघता शेडबाहेर आली. एक टँकर गेला, दोन जीपा गेल्या. मग तिनं रस्ता ओलांडला आणि नारायणगाव-निमगावच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं जाऊन उभी राहिली.