फौजदार उतरेना

"फौजदार, ये! ये खाली!" लेकीने पुन्हा शीळ घातली. फौजदार जागचा हलला नाही.

मैदानाच्या कडेला दिव्यांचा उंच लोखंडी मनोरा होता. त्याच्या पार टोकाच्या दांडीवर तो करडा पोपट अंग चोरून बसला होता. घरी आल्यागेल्यावर डोळे वटारत ऐटीत फिरायचा, म्हणून बापानेच त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं. आता ती सगळी ऐट उतरली होती. तो या पायावरून त्या पायावर व्हायचा, मान वाकवून खाली बघायचा आणि पुन्हा दांडीला चिकटायचा.

खाली लेक रिकामा पिंजरा पायाशी ठेवून हात लांब करून उभी होती. तळहातावर अक्रोडाचा तुकडा होता. पिंजऱ्यात जन्मलेल्या या पाखराला मोकळ्यावर उडवायचं आणि परत हातावर बोलवायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. आधी खोलीत, मग जिन्यात, मग याच मैदानावर पायाला लांब दोरा बांधून. दर वेळी तो शिळेसरशी परत आला होता. आज पहिल्यांदा तिने दोरा सोडला आणि नेमका वारा उठला. फौजदार घाबरला, आणि घाबरून वर वर गेला.

"दमला असेल. येईल जरा वेळाने," बाप म्हणाला.

"दमला नाहीये बाबा. त्याला वर जाता येतं. इतक्या उंचावरून उतरायचं कसं, ते त्याला माहीतच नाही." तिचा आवाज चिरकला. "ते मी शिकवलंच नाही त्याला."

ही भीती बापाच्या ओळखीची होती. तो वायरमन. उमेदीची वर्षं खांबांवर गेली. मग एक दिवस, ना शॉक ना वारा, काही कारण नसताना अर्ध्या खांबावर त्याने खाली पाहिलं आणि तो खांबाला मिठी मारून बसला. सोबत्यांनी दोर लावून त्याला पोत्यासारखं खाली घेतलं. तेव्हापासून तो ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायचा. घरातला बल्बसुद्धा बायको बदलायची आणि स्टुलावरून म्हणायची, "वायरमनशी लग्न केलं, नशीब काढलं!" सगळ्यांबरोबर तोही हसायचा. हसण्यावारी नेलं की पुढचं कुणी विचारत नाही.

तेवढ्यात गवतावरून एक सावली सर्रकन सरकली. लेकीने वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ससाणा," ती पुटपुटली.

मनोऱ्याभोवती एक गिरकी झाली. दुसरी जरा जवळून झाली. मैदानात तिसरं कुणी नव्हतं. बापाने चपला काढल्या.

"बाबा, नको! तुम्ही नका जाऊ!"

"तू शीळ थांबवू नकोस," तो म्हणाला आणि मनोऱ्याच्या शिडीला लागला.

खाली बघायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं. नजर पोपटावर. एक हात, एक पाय. घामाने तळवे निसरडे झाले. वर वर वारा वाढत गेला, तसा मनोरा बारीक थरथरू लागला. की आपणच थरथरतोय, हे त्याला कळेना. फौजदार हाताच्या टप्प्यात येणार, इतक्यात डोक्यावरून पंखांचा सूं असा आवाज आला. बापाने खिशातला रुमाल ओढून काढला, जिवाच्या आकांताने फडकावला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला. ससाणा वळला. त्या ओरडण्याने दचकून फौजदारही दांडीवरून सुटला. दगडासारखा खाली गेला. मग त्याने पंख पसरले, डुगडुगत एक मोठा वळसा घेतला आणि जाऊन बसला तो थेट लेकीच्या हातावर.

"आला! बाबा, आला!"

आनंदाच्या भरात बापाने खाली पाहिलं.

खाली लेक बोटाएवढी दिसत होती. मैदान गरगर फिरलं. त्याने शिडीला कवटाळलं आणि कपाळ थंड लोखंडावर टेकलं. रुमाल कधी सुटला, त्याला समजलं नाही.

"बाबा? उतरा ना आता."

त्याने शिडीची पकड आणखी आवळली.

"तुमच्या ऑफिसात फोन करू?"

"नको!" एवढंच त्याच्या तोंडून फुटलं. पुन्हा ते दोर आणि पुन्हा ती सोबत्यांची तोंडं नकोत. त्यापेक्षा इथेच असं राहू, असा वेडा विचार त्याच्या मनात आला. ऊन उतरलं. पाय बधिर झाले. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग खाली पिंजऱ्याचं दार लावल्याचा आवाज आला. शिडी हलली.

"घाबरू नका बाबा. मी येते वर."

"ए! खबरदार!" त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. "वर यायचं नाही! ऐकतेस का? तिथेच थांब!"

शिडी पुन्हा हलली.

ही निसटली तर? त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं काही उरलं नाही. मैदान नाही, उंची नाही. तो ओरडत, शिव्या घालत, दोन-दोन पायऱ्या एकदम सोडत उतरू लागला. गुडघा सोलला, शर्ट फाटला. लेकीच्या डोक्याशी येताच त्याने बाजूने वळसा घेऊन खाली उडी टाकली.

"अक्कल गहाण ठेवलीस का? पडली असतीस म्हणजे?"

लेक जमिनीपासून जेमतेम हातभर वर होती. दोन्ही हातांनी तिने शिडी कवटाळली होती, डोळे गच्च मिटले होते आणि दात वाजत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मला खाली घ्या ना."