फॉर्मवरचा सहावा मुद्दा

फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून अंबिकाने तो संघप्रिया सिस्टरच्या हातात परत दिला. "तुम्हीच वाचून सांगा," ती म्हणाली.

मीरा रोडच्या त्या बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये पोटाची चरबी नळीने ओढून काढायची ऑपरेशनं सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. सर्जन शनिवारीच यायचे. पेशंटला फॉर्म समजावून सही घ्यायचं काम संघप्रियाचं.

अंबिका छत्तिशीची, बेव्हर्ली पार्कला राहणारी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पोट मात्र असं सुटलं होतं, की बसमध्ये बायका उठून जागा द्यायच्या. मागच्या महिन्यात भाजीवालीने कितवा महिना म्हणून विचारलं, तेव्हा घेतलेली भाजी तिथंच टाकून ती घरी आली होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सिस्टरला सांगितलं. ऑपरेशनला यायचं नाही, रविवारी दुपारी घ्यायला या, असं तिने नवऱ्याला बजावलं होतं. त्याच्यासमोर तिला लाज वाटत होती.

संघप्रिया एकेक मुद्दा मराठीत सांगत गेली. रक्त जास्त जाऊ शकतं. जखमेत पू होऊ शकतो. कातडी उंचसखल दिसू शकते. काही जागा बधिर राहते. भुलीचं औषध एखाद्याला सोसत नाही. अंबिकाचा चेहरा उतरत चालला होता. पाचव्या मुद्द्याला तिने खाटेखाली पायाने चपला चाचपल्या.

सहाव्या मुद्द्यात लिहिलं होतं, की चरबीचा कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन पेशंटचा जीव जाऊ शकतो.

संघप्रियाला भाजीवाली आठवली. तिने सहीच्या रेघेवर बोट ठेवलं. "बाकी नेहमीचंच आहे," ती म्हणाली.

अंबिकाने सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. रविवारी सकाळी संघप्रियाने तिला धरून बाथरूमपर्यंत नेलं. परत येताना अंबिका दारातच थांबली. छातीत कसंतरी होतंय म्हणाली, आणि बघता बघता तिचे ओठ निळे पडले. संघप्रियाने ऑक्सिजन लावला, सर्जनच्या पेजरवर निरोप टाकला. मोठ्या हॉस्पिटलला न्यायला अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण काशीगाव ओलांडायच्या आतच सगळं संपलं. तिचा हात तोपर्यंत संघप्रियाच्याच हातात होता.

गुरुवारी अंबिकाचा नवरा आला. दत्ताराम, टेलिफोन खात्यात लाइनमन. तो भांडायला आलाय असं समजून नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी संघप्रियाला आधीच आत बोलावून सांगितलं, की सगळे धोके समजावले होते, सही आहे, एवढंच बोलायचं.

दत्ताराम भांडला नाही. त्याने फॉर्म बघायला मागितला. सही ओळखली. मग मृत्यूच्या दाखल्यावरचा इंग्रजी शब्द जुळवत त्याने नेमका सहावा मुद्दा शोधला आणि विचारलं, "हे तिला माहीत होतं?"

केबिनचं दार उघडं होतं. डॉक्टर ऐकत होते.

"नाही," संघप्रिया म्हणाली. "पाच सांगितले. हा मी सांगितला नाही. त्या घाबरल्या होत्या. हे ऐकून उठून जातील असं वाटलं मला."

आतून डॉक्टरांनी तिला नावाने हाक मारली. ती जागची हलली नाही.

दत्तारामने तो कागद टेबलावर ठेवला.

"उठून आली असती," तो म्हणाला. "नक्की आली असती. मी घरीच होतो."