टिनपुऱ्याची फेरपाहणी

खुरप्याचा पहिला ओरखडा सुंदराबाईंनी स्वतःच्याच भिंतीवर काढला. चुन्याची खपली पायाशी पडली. तिच्यामागे आणखी एक पांढरा थर निघाला, त्यामागे निळसर, त्यामागे पुन्हा पांढरा. या घरात जितक्या जयंत्या साजऱ्या झाल्या होत्या, तितके थर.

"आजी, हातभर बस झालं," प्रियदर्शनी म्हणाली. टिनपुऱ्यातली ती पहिली वकील. सोळा अर्ज आणि दोन सुनावण्या करून फेरपाहणीचा आदेश तिनेच मिळवला होता. "भिंत कशाची आहे एवढंच दाखवायचं. काड्यामातीचा कुड दिसला की कायद्याला पुरे."

"हातभरानं काय दिसते वं? मांगच्या खेपेले तं पुरी भिंत होती त्याच्यासमोर. दिसली काय त्याले?"

प्रश्न गैरलागू नव्हता. सोळा एप्रिलला, जयंतीचे तोरण अजून उतरायचे असताना, घरकुल योजनेचा सर्वेक्षक मोटारसायकलवरून न उतरता वस्तीतून फिरला होता. त्रेचाळीस घरे, पस्तीस मिनिटे. सणासाठी प्रत्येक भिंत चुन्याने लख्ख झालेलीच होती. वर महिला मंडळाच्या अध्यक्षा या नात्याने सुंदराबाईंनी, साहेब येणार म्हणून, सगळ्यांना चुन्याचा दुसरा हात द्यायला लावला होता. दारिद्र्य नीटनेटके असू शकते, ही शक्यता योजना आखणाऱ्यांना सुचलेली नव्हती. सर्वेक्षकाने त्रेचाळीस घरांपुढे 'पक्के' अशी नोंद केली. ज्याचे घर पक्के, त्याला घरकुलाची गरज नाही. आणि सरकारी जागेवर ज्याचे घर पक्के, तो अतिक्रमणदार. एका भिंतीने वस्तीला घरमालक ठरवले, आणि त्याच भिंतीच्या आधारे बांधकाम स्वतःहून काढून घेण्याची नोटीस दिली. तर्कात कुठेही खोट नव्हती.

आज कुड सिद्ध झाला तर जागेचा पट्टा आणि घरकुल. नाही झाला तर सोमवारी पाडकाम.

"मी रस्त्यावर थांबते," प्रियदर्शनी म्हणाली. "त्याला घेऊनच येते. तुम्ही फक्त हातभर, आजी."

ती गेली. सुंदराबाईंनी त्या हातभर चौकोनाकडे पाहिले. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात ठाण तपासण्यात त्यांची नऊ वर्षे गेली होती. अर्धे तपासलेले ठाण त्यांनी कधी पुढे जाऊ दिले नव्हते. त्यांनी चौकोन दोन हात केला. मग चार.

शेजारचा चंद्रभान दारात उभा राहून हे पाहत होता. "सुंदराबाई, चुना लावाले तुमीच सांगतलं, आता काढाले बी तुमीच. आमी का तुमचे मजूर हाओत?"

"मजूरच हायेस बाप्पा. रोजी तेवढी भेटत नाही. घे कुदळ."

तो हसला आणि त्याने कुदळ घेतली. त्याच्या घरावरून पुढच्या घराला, तिथून पलीकडच्या ओळीला, खरवडण्याचा आवाज वस्तीभर पसरत गेला. ऊन चढत होते. गल्लीत चुन्याची धूळ इतकी दाटली, की समोरचे दार दिसेना.

शेवटचा थर निघाला तेव्हा त्यामागे माती होती आणि मातीमागे पऱ्हाटी, कपाशीच्या वाळक्या काड्या. पऱ्हाटी वाळवीने केव्हाच खाल्ली होती. कुड उभा होता तो चुन्याच्या जोरावर. सुंदराबाईंनी आणखी एक फटका मारला. भिंत क्षणभर पोटातून फुगली, मग आवाजसुद्धा न करता खाली बसली. आतली खाट, स्टोव्ह, देव्हाऱ्याच्या जागी मांडलेली बुद्धमूर्ती, सगळे गल्लीतून दिसू लागले.

"आता तं दिसन," सुंदराबाई म्हणाल्या.

सर्वेक्षक रस्त्याने आला नाही. तो नाल्याच्या बाजूने आला. या वेळी तो गाडीवरून उतरला. धुळीतून वाट काढत तो सुंदराबाईंसमोर येऊन थांबला, त्याने मोबाईल समोर धरून दोन फोटो काढले आणि अदबीने विचारले, "ही भिंत कोणी पाडली, आजी?"

"आमीच. पाहा ना साहेब, आतमंदी पऱ्हाटी हाये नुसती. पक्कं काय हाये याच्यात?"

त्याने ढिगाकडे पाहिले. त्याच्या आवाजात खराखुरा खेद होता. "भिंत उभी असती, तर ती कशाची ते लिहिता आलं असतं. या ॲपमध्ये उभ्या भिंतीचाच फोटो लागतो." बोटाने त्याने मोबाईलचा पडदा वर सरकवला, खाली सरकवला, आणि जो पर्याय लागू पडत होता तो वाचून दाखवला. "'रहिवाशाने बांधकाम स्वतःहून काढले.' बरोबर?"

"बरोबर. आमच्याच हातानं. कोणाले सांगाले लागलं नाही." सुंदराबाईंची मान ताठ झाली.

"सगळेच काढताहेत का?"

"सगळेच. एकानं बी पाय मांगं नाही घेतला."

"मग इथे अंगठा..."

"अंगठा काहून? सही येते मले."

त्यांनी बोट पदराला पुसले. चुना पुरता गेला नाही. काचेवर त्यांनी सावकाश, सुटे सुटे, पूर्ण नाव लिहिले: सुंदराबाई मोतीराम वानखडे. रस्त्याच्या बाजूने कुणीतरी धावत येत होते, "आजी, थांबा" असे ओरडत होते. धूळ इतकी होती की कोण ते ओळखू येत नव्हते.

सर्वेक्षकाने हाताची सावली करून पडदा पाहिला.

"एकदम स्पष्ट आली, आजी," तो म्हणाला, आणि चंद्रभानच्या घराकडे वळला. चंद्रभानने तोवर दुसरी भिंत पाडायला घेतली होती.