दाराची मराठी

"येते," सुनेच्या खांद्यावर भार टाकून गजराबाई दाराला म्हणाल्या.

"या, आत या," दार म्हणालं आणि बंदच राहिलं.

बिबटे अंगणात येऊ लागल्यापासून गावातली दारं आवाजावर चालत. एका शब्दाला एकच माणूस, तोही ज्याचा आवाज तोच. संशोधकांनी दारांना मराठी शिकवली होती: येते म्हणजे आत, जाते म्हणजे बाहेर. गाव कुरकुरत 'जाते' म्हणायला शिकलं. गजराबाई दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या.

"आत्याबाई, एकदाच म्हणा," वनिता विनवू लागली. "छातीत कळ येतेय ना?"

"दवाखान्यात निघालेय मी. जाते म्हटलं तर परत येईन का?"

"आजी, दाराशी भांडण नंतर करा!" बाहेरून ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर ओरडला.

दम लागला तशा त्या पुटपुटल्या, "जाते."

दार उघडलं. ड्रायव्हरने त्यांना धरून बाहेर घेतलं, आणि मागोमाग निघालेल्या वनिताच्या तोंडावर दार मिटलं.

गजराबाई दाराच्या जाळीपाशी थबकल्या. ड्रायव्हर ओढत होता तरी हलेनात. "माझ्या तोंडून अभद्र गेलं गं. तू तरी नीट म्हण. त्याशिवाय मी गाडीत बसायची नाही."

वनिताने जाळीला कपाळ टेकलं. त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणारं दुसरं कुणी नव्हतं.

"येते, आत्याबाई."

गजराबाईंचा चेहरा निवळला. त्या गाडीत चढल्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत वनिताने दुसरा शब्द काढला नाही.