न हललेली रेघ

सकाळचे कोवळे ऊन खिडकीच्या जाळीतून सावकाश आत आले, भिंतीवर रेंगाळले, चादरीवर उतरले आणि कुंदाताईंच्या भाजलेल्या गालावर काल छापलेल्या जिवंत त्वचेवर स्थिरावले. तिथे एक बारीक, पांढरी रेघ उजळली.

"काय रे ऋत्विज, गाल नवा आणि चरा आधीच?" त्या हसल्या. "लेकीच्या लग्नात हाच मिरवू?"

त्वचेचा प्रिंटर सांभाळणाऱ्या ऋत्विजची मान वर होईना. "शाईत हवा अडकली असेल, ताई."

हवेमुळे सुटलेली रेघ प्रत्येक चाचणीत जागा बदलते. काल छपाईआधी कागदावरच्या चाचण्यांत, शाई सोडणारे प्रिंटहेड कितीदा धुतले तरी, ती हललीच नव्हती. म्हणजे हेडच झिजले होते, आणि हे ठाऊक असूनही त्याने छपाई सुरू केली होती.