वळणावरचा दगडोबा

बोगद्याच्या कामावरचा मुकादम तणतणत इंजिनीअर बाईंच्या टेबलाशी आला. "मॅडम, तो दगडोबा! माती उपसायला ठेवलाय आणि बघावं तेव्हा आतल्या वळणावर ठाण मांडून बसलेला. तुमच्या यंत्रात पुरावा असेल तर द्या, उद्याच घरी पाठवतो."

पुरावा मिळणारच होता. प्रत्येक हेल्मेटमध्ये बाईंनी बिनतारी संच बसवला होता. आतल्याचा निरोप या हेल्मेटवरून त्या हेल्मेटवर उड्या मारत बोगद्याच्या तोंडाशी पोचायचा. इतर बोगद्यांत वळण आलं की निम्मे निरोप वाटेतच हरवायचे. इथे महिनाभरात एकही नाही. आपल्या गणितावर बाई भलत्याच खूश होत्या.

त्यांनी नोंदी उघडल्या. आतून निघालेला एकूण एक निरोप दगडोबाच्याच हेल्मेटवरून पुढे गेला होता. बाकीचे सगळे इकडून तिकडे पळत होते. हा तेवढा जागचा हलला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत बाई वळणावर गेल्या. "काका, इथे बसलं की निरोप पोचतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यातलं मला काय कळतंय, मॅडम!" डब्याचं झाकण लावत तो म्हणाला. "हे डोक्यावरचं आत्ता आलं. मागच्या बोगद्यात दरड कोसळली तेव्हा आम्ही दोघे भाऊ आत होतो. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. बाहेर माणसं होती, पण मधे ऐकणारं कुणी नव्हतं. मी एकटाच बाहेर आलो. तेव्हापासून मधे बसतो."