सुगीतला काटा

लेकीचा करदोटा कमरेवरून घसरायला लागला, तशी अश्विनी घाबरली. "मामा, पोरगी वाळत चाललीया. वेल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला पायजे," ती सासऱ्यांना म्हणाली.

"उगं जिवाला घोर लावून घेतीस," गेनबा म्हणाले. "अंगणवाडीतला काटा काय सांगतो ते बघू, मग ठरवू."

अंगणवाडीच्या शुभाताईंनी आढ्याला टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याला झोळी अडकवली आणि सृष्टीला तिच्यात बसवलं. सुई झरझर सरकली.

"अगं, मागच्या महिन्यापेक्षा किलोभर जास्त भरली की!" ताई हसून म्हणाल्या.

"बघ, मी म्हणत न्हवतो?" गेनबांनी मिशीवरून हात फिरवला. "लई दणकट काटा हाय ह्यो. पंधरा दिसांमागं ताईंकडनं मागून नेला आन् ह्या सुगीला समदी भाताची पोती ह्याच्यावरच तोलली. सुई पार टोकाला जाऊन अडकायची, पर स्प्रिंग काय तुटली न्हाई!"

अश्विनीला हायसं वाटायला हवं होतं. पण झोळीबाहेर आलेला पोरीचा पाय काडीसारखा दिसत होता. तिनं लेकीला झोळीसकट उतरवून उराशी धरलं आणि वर पाहिलं.

 

काट्याला आता काहीच लटकत नव्हतं, तरी सुई दोन किलोवर थांबली होती.